इंदूरमधलं होम नर्सिंग : सात आठवडे, दोन ब्युरो, चार मुली

घरी नर्स पुरवणाऱ्या पहिल्या ब्युरोला पाचपैकी दीड तारा. त्यातला एक धारच्या मुलीचा, कारण ती रोज वेळेवर यायची आणि यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, तोंड फार हलक्या हातानं पुसायची. उरलेला अर्धा ऑफिसला, खाली गाडी लावायला जागा आहे म्हणून.

दुसऱ्या ब्युरोचं पुढं सांगते. दोघांचीही नावं लिहीत नाही. पहिल्याशी माझं अनामत रकमेचं भांडण अजून चालू आहे, आणि दुसऱ्याचं लिहिलं तर लोक म्हणतील सिस्टरबाईंना कमिशन मिळतंय.

हो, मी सिस्टर. 34 वर्षं सरकारी इस्पितळात काढली, शेवटची अकरा मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज म्हणून. त्यामुळे सुदामानगरात सगळ्यांचं एकच, 'तुमच्या घरी काय, तुम्ही स्वतःच आहात.' मी स्वतःच आहे, पण माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत आणि यांचं वजन 82 किलो. डिसेंबरात यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, गिळता येईना. अठरा दिवसांनी घरी आणलं ते नाकात नळी, लघवीची पिशवी, दोन वेळचं इन्सुलिन आणि कमरेवर रुपयाएवढा बेडसोर घेऊन. लेक पुण्याहून आली होती. तिनंच मोबाइलवर बघून ब्युरो ठरवला. तिथं म्हणे पावणेपाच तारे होते.

दर असा : दिवसाचे बारा तास 'जीएनएम नर्स' (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी शिकलेली), 1,400 रुपये. रात्रीची अटेंडंट 800. अनामत 15,000. वर 650 रुपयांचं 'किट' सक्तीचं, ज्यात हातमोजे, कापूस, स्पिरिट आणि सिरिंजांचं पाकीट.

त्या सिरिंजांचं जरा सविस्तर सांगते, कारण ज्यांच्या घरात इन्सुलिन आहे त्यांनी हे वाचायलाच हवं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवसापासून यांची साखर चढायला लागली. 310, 340, 326. मी नळीतून द्यायच्या फीडवर संशय घेतला, दुधातली साखर बंद केली, नाचणीचं सत्त्व अर्धं केलं. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले 16 युनिटचे 20 करा. त्या संध्याकाळी मी केराची बादली पालथी करत होते (चष्म्याचं कव्हर चुकून आत गेलं होतं) आणि हाताला सिरिंजचं टोपण लागलं. नारिंगी.

आपल्याकडे इन्सुलिनची जी बाटली मिळते ती बहुतेक 40 ची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनात जी नळकांडी बसते ती 100 ची, आणि 100 च्या हिशेबाची सिरिंज नारिंगी टोपणाची. आमच्याकडे बाटली 40 ची, आणि किटमधल्या सिरिंजा 100 च्या. मुलगी इमानेइतबारे 16 च्या रेघेपर्यंत औषध ओढत होती आणि यांच्या पोटात जात होते साडेसहाच्याही आत युनिट. आता उलटं धरा. नळकांडं 100 चं आणि हातात लाल टोपणाची सिरिंज असती, तर त्याच 16 च्या रेघेला 40 युनिट गेले असते. मग साखर इतकी खाली गेली असती की फोन करायची वेळच आली नसती.

मला हे कळायला तीन दिवस लागले. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्या, आणि स्वतःच्या घरात तीन दिवस. रात्री जागत होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय, ही कारणं आहेत. वॉर्डात एखाद्या मुलीनं ती मला दिली असती तर मी ऐकून घेतली नसती.

धारच्या मुलीला समोर बसवलं. विचारलं, 'तुझा रजिस्ट्रेशन नंबर काय गं?'

ती म्हणाली, 'कौनसा आंटी? मोबाइल का?'

मग रडली. बारावीनंतर सहा महिन्यांचा 'पेशंट केअर'चा कोर्स, बस. ब्युरोनं पांढरा कोट दिला आणि सांगितलं, कोणी विचारलं तर जीएनएम म्हणायचं. आमच्या 1,400 मधले तिला मिळत होते 450.

इथं जरा वॉर्डातल्यासारखा क्लास घेते, माफ करा. नर्स हा शब्द गणवेशाचा नाही, रजिस्टरचा आहे. 1947 साली इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला, त्यानं देशभर शिक्षणाचा दर्जा एक केला. नाव नोंदवायचं ते राज्याच्या कौन्सिलकडे. आपल्या मध्य प्रदेशात त्यासाठी 1972 चा कायदा आहे आणि कौन्सिल भोपाळला. जीएनएमची तीन वर्षं किंवा बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं पुरी करून परीक्षा पास झाली आणि कौन्सिलात नाव चढलं, की ती मुलगी आरएन, आरएम, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, रजिस्टर्ड मिडवाइफ. एएनएमचा (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) कोर्स दोन वर्षांचा, तिचीही नोंद होते, पण तिचं शिक्षण गावातल्या बाळंतपणासाठी आणि लसीकरणासाठी. आणि जी जनरल ड्यूटी असिस्टंट, जिला आपण अटेंडंट म्हणतो, तिनं अंघोळ घालावी, कूस बदलावी, भरवावं, चालवावं, लघवीची पिशवी रिकामी करून माप लिहावं. ते काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. यांचा बेडसोर भरला तो दर दोन तासांनी कूस बदलणाऱ्या हातांनी, मलमानं नव्हे. पण इंजेक्शन, नळी घालणं, शिरेतून औषध हे तिच्या वाट्याचं नाही. तिला ते करायला लावणारा तिलाच खड्ड्यात ढकलतो.

कसं ते ऐका. भारतीय न्याय संहितेचं कलम 106. निष्काळजीपणानं कोणाचा जीव गेला तर पाच वर्षांपर्यंत कैद. उपचार करताना डॉक्टरच्या हातून झालं तर दोन वर्षांपर्यंत. आता ही दोन वर्षांची सवलत फक्त मेडिकल रजिस्टरवर नाव असलेल्या डॉक्टरला आहे. नर्सला नाही, आणि 450 रुपये रोजावरच्या मुलीला तर नाहीच नाही. मी हे धारच्या मुलीला हिंदीत समजावून सांगितलं. तिनं दुसऱ्या दिवसापासून इन्सुलिनला हात लावला नाही. ते काम मी माझ्याकडे घेतलं, लाल टोपणाच्या सिरिंजा दवा बाजारातून स्वतः आणल्या.

ब्युरोच्या मालकाला फोन केला. 'अरे आंटीजी, हमारे यहाँ सब ट्रेंड हैं.' मी म्हटलं ट्रेंड कोण विचारतंय, रजिस्टर्ड आहे का? मग सूर बदलला. करारातलं सातवं कलम वाचा म्हणाला. वाचलं. 'सेवेदरम्यान कोणत्याही दुर्घटनेस संस्था जबाबदार राहणार नाही', बारीक टायपात, खाली माझ्या लेकीची सही.

असल्या कलमांना मी भीत नाही, कारण आमच्या इन-सर्व्हिस ट्रेनिंगमध्ये एक खटला शिकवायचे, तो डोक्यातून गेलेला नाही. टायफॉइड झालेलं लहान मूल एका खाजगी हॉस्पिटलात दाखल होतं. नर्सनं भलतंच इंजेक्शन शिरेतून दिलं, मूल तिथल्या तिथं कोसळलं, मेंदूला कायमची इजा झाली. चौकशीत निघालं की ती नर्स कुठल्याच राज्याच्या कौन्सिलात नोंदलेली नव्हती. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं मुलाला साडेबारा लाख आणि आई-बापांना पाच लाख द्यायला लावले. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला आणि जबाबदारी हॉस्पिटलवरच ठेवली, कारण अपात्र माणूस नेमणारे तेच. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे तर 1995 मध्येच ठरलेलं. तेव्हा सातवं कलम तू फ्रेम करून लाव, असं मी मालकाला म्हणाले. मराठीत म्हणाले, त्याला समजलं असावं.

पहिल्या ब्युरोचं बाकी थोडक्यात. रात्रीची देवासची मुलगी. एकदा पहाटे तीनला पाणी प्यायला उठले तर यांचा चांगला उजवा हात ओढणीनं खाटेच्या दांडीला बांधलेला. हे नाकातली नळी ओढत होते म्हणून. ओढत असतील, पण रुग्णाला बांधायचं तर डॉक्टरांचा लेखी आदेश लागतो, कारण लिहावं लागतं, किती वेळ ते लिहावं लागतं, आणि मधूनमधून बोटांचा रंग बघून त्याची नोंद ठेवावी लागते. बोटं जांभळी पडली होती. ओढणी सोडल्यावर यांनी तो हात छातीशी धरून ठेवला, सकाळपर्यंत.

आणि हजेरीचा सेल्फी. पेशंटबरोबर फोटो काढून ब्युरोच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, सकाळी आणि संध्याकाळी. ग्रुपवर 80 च्या वर माणसं. हे 31 वर्षं गणित शिकवत होते. दूधवाला आला तरी सदरा घातल्याशिवाय दार उघडायचे नाहीत. तो फोटो मी मुलीच्या फोनमध्ये पाहिला : उघडं अंग, नाकात नळी, शेजारी हसणारी मुलगी, खाली कोणाचा तरी अंगठा. कौन्सिलच्या आचारसंहितेत रुग्णाची गुप्तता राखणं हे नर्सचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. ज्या ब्युरोत नर्सच नाही तिथं आचारसंहिता कोण वाचणार?

सुईची गोष्ट राहिली. धारच्या मुलीनं वापरलेल्या सुया ओल्या कचऱ्यात टाकल्या होत्या, आणि इंदूरची कचरागाडी म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. गाडीवरच्या भियानं आमची बादली परत आणून दारात ठेवली आणि गल्लीला ऐकू जाईल असं मला झापलं. बरोबरच होतं. हॉस्पिटलात सुयांना पांढरा, सुई आरपार न जाणारा डबा असतो, 2016 च्या नियमांप्रमाणे. घरी निदान जाड प्लास्टिकची बाटली घ्यावी, झाकण चिकटपट्टीनं बंद करावं आणि गाडीतल्या वेगळ्या कप्प्यात द्यावी. मी माफी मागितली. चौतीस वर्षांत मला इतकं स्वच्छ कोणी झापलेलं नव्हतं.

सोळाव्या दिवशी ब्युरो बंद केला. अनामतीतले 6,000 परत आले, 9,000 'नोटीस पीरियड'मध्ये कापले. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घातली आहे. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथं पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.

आता दुसरा ब्युरो. भिशीतल्या एकीनं सांगितला. चालवणारी स्वतः निवृत्त सिस्टर आहे, ऑफिस म्हणजे दोन खोल्या, खुर्च्या तीन, त्यातली एक मोडकी. जीएनएम 1,700 रोज, अटेंडंट 900. अनामत नाही, आठवड्याचे पैसे आधी. महाग आहे, हे पहिल्यांदा लिहून ठेवते.

पण मी विचारायच्या आत तिनं फाइल पुढं केली. मुलीचं कौन्सिलचं सर्टिफिकेट, राष्ट्रीय रजिस्टरचा ओळख क्रमांक, फोटो. मी तरी मुलीची परीक्षा घेतलीच. गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यातल्या नर्सिंग कॉलेजांचं काय निघालं ते सगळ्यांनी वाचलंय, उच्च न्यायालयाला सीबीआय लावावी लागली. त्यामुळे मी आधी नंबर बघते आणि मग हात बघते. हात धुताना ती कोपरापर्यंत गेली आणि नळ कोपरानं बंद केला. मी पुढं काही विचारलं नाही.

ही बुऱ्हाणपूरची. मराठी बोलते, आपल्यापेक्षा जरा खानदेशी. मला काकू म्हणते, यांना आजोबा. पहिल्याच दिवशी यांच्या कानाशी जाऊन म्हणाली, 'आजोबा, मी आता तुमची कूस बदलते हं.' अर्धांगाच्या माणसाला सगळं ऐकू येतं, हे पुष्कळ शिकलेल्यांनाही सुचत नाही.

शनिवारी दुपारी यांना जोरात ठसका आला आणि नाकातली नळी बाहेर आली. एकची फीडची वेळ. कपाटात नवी 16 नंबरची नळी होती. मी म्हटलं, चल, घाल.

'काकू, ऑर्डर?'

'मी सांगते आहे ना.'

'तुम्ही सिनिअर आहात काकू. पण लेखी ऑर्डर डॉक्टरांची लागते.'

'अगं, मी इन्चार्ज होते.'

'होतात ना. आता रजिस्ट्रेशन चालू आहे का तुमचं?'

नाही. निवृत्तीनंतर मी नूतनीकरण केलंच नाही. पेन्शन सुरू झाली, कोण भोपाळला कागद पाठवणार. मी रागानं स्वयंपाकघरात गेले आणि विनाकारण भांडी लावली. तिनं तेवढ्यात यांची साखर तपासली (118), डॉक्टरांच्या ओपीडीत फोन लावला, स्पीकर ऑन केला. डॉक्टर जे बोलले ते शीटवर वेळ टाकून लिहिलं, मग त्यांना परत वाचून दाखवलं, आणि सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो मागितला. डॉक्टर वैतागले. तिनं सर, सर करत मागितलाच.

त्या बोलण्यात डॉक्टरांना आठवलं की चार दिवसांपूर्वी रक्त पातळ करणारी दुसरी गोळी सुरू केली आहे. उजव्या नाकपुडीचं हाड वाकडं आहे, तिथं जोर करू नका, डाव्या बाजूनं जा, रक्त दिसलं तर थांबा. गोळीचं मला माहीत होतं. मीच रोज कुटून देत होते. नळीशी तिचा संबंध माझ्या डोक्यात त्या क्षणी आलाच नव्हता, आणि मी सवयीनं उजवी नाकपुडी धरली असती. नळी दोन वाजून दहा मिनिटांनी गेली, एक थेंब रक्त नाही. जागेवर बसली की नाही ते तपासून मगच फीड. सगळं लिहिलं. आमच्याकडे म्हणायचे, जे लिहिलं नाही ते झालंच नाही.

माझा राग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला, हेही सांगते.

आता या ब्युरोच्या खोडी. ऑफिसचा फोन दुपारी दोन ते चार कोणी उचलत नाही, मालकीणबाई झोपतात. रोजची शीट इंग्रजीत आहे. माझ्या जाऊबाई पाळीला येऊन बसतात, त्यांना त्यातलं अक्षर कळत नाही, मग औषध दिलं का म्हणून त्या मला अंघोळीतून हाक मारतात. मी मराठी-हिंदी शीट करून द्यायला तयार आहे असं दोनदा सांगितलं, अजून उत्तर नाही. रविवारची बदली मुलगी हमखास उशिरा, एकदा साडेनऊ. आणि सणाला दुप्पट दर, तो करारात आहे पण सांगत नाहीत, बिलात कळतो. रात्रीची खरगोनची अटेंडंट चांगली आहे, फक्त पहाटे घोरते. यांच्यापेक्षा मोठ्यानं.

ज्यांना जीएनएम परवडणार नाही त्यांच्यासाठी एक. बारा तासांची नर्स सगळ्यांना लागतही नाही. अटेंडंट ठेवा आणि इंजेक्शन, ड्रेसिंग, नळी बदलणं यासाठी रजिस्टर्ड सिस्टर तासावर बोलवा. हा ब्युरो फेरीचे 350 घेतो. आम्ही पुढच्या महिन्यापासून तेच करणार आहोत. फक्त बिलावर कोणती मुलगी कोण, हे स्पष्ट लिहून घ्या. संसदेनं 1947 च्या कायद्याच्या जागी 2023 साली नवा राष्ट्रीय नर्सिंग आयोगाचा कायदा केला आहे, त्यात देशभराच्या ऑनलाइन रजिस्टरची तरतूद आहे. ते नीट चालू होईपर्यंत कागद मागायचा, लाजायचं नाही.

तारे पावणेचार. सव्वा कुठं गेला ते वर आलंच आहे.

रंगपंचमीला तर गंमतच झाली. गेरमुळे, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीमुळे, राजवाड्याकडचे रस्ते बंद, बुऱ्हाणपूरची पलीकडे अडकली, सकाळचे आठ वाजून गेले. खरगोनची थांबली होती, बारा तास झालेले तरी. इन्सुलिनची वेळ झाली. मी सहज म्हटलं, आज तू दे, मी बघते बाजूला उभी राहून. ती दोन पावलं मागं सरली. 'नहीं आंटी, वो मेरा काम नहीं है.' मग मी चष्मा लावला, लाल टोपण काढलं, बाटलीतून 16 ओढले, यांच्या पोटावर चिमूट धरली. शीटवर 'कोणी दिलं' असा रकाना आहे. मी सवयीनं 'सिस्टर' लिहायला लागले होते. खरगोनचीनं पेन माझ्या हातातून घेतलं, ते खोडलं आणि तिच्या मोडक्या अक्षरात लिहिलं : पत्नी.